भर समुद्रातले पोहणारे खेकडे: खातात काय, त्यांना खातं कोण?

तळशोधक:
खेकडा म्हटलं की खडक, चिखल, बीळ हेच डोळ्यांपुढे येतं. पण अरबी समुद्राच्या मधोमध, तळ तीन-चार हजार मीटर खाली असताना, खेकड्यांचे थवे पोहतात आणि कुपा (ट्यूना मासा) त्यांच्यावर ताव मारतो, असं वाचनात आलं. तिथल्या अन्नजाळ्यात खेकड्याला खरंच महत्त्व आहे, की वाटेत सापडला म्हणून खाल्ला, एवढंच?

निळंपाणी:
पोहण्यापुरतं सांगतो. पोर्ट्युनिडी कुळातल्या खेकड्यांच्या शेवटच्या पायांचं टोक वल्ह्यासारखं चपटं असतं. माशासारखा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो आणि अंग पाण्याहून जड, त्यामुळे पाय थांबले की खाली जाणार. भूक मोठी असणारच.

जठरवाचक:
तुम्ही वाचलंत तो बहुधा कॅरिब्डिस स्मिथाय. मॅक्ले यांनी १८३८ मध्ये त्याचं वर्णन केलं. खंडाच्या उतारावर, म्हणजे किनाऱ्यापुढे समुद्रतळ खोल उतरत जातो तिथे, तळाशीही तो सापडतो, पण आयुष्याचा बराच काळ खुल्या पाण्यात काढतो.

कुप्यांच्या पोटातलं अन्न तपासणं हे माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जठर चिरून ट्रेमध्ये रिकामं केलं की आधी नुसता करडा लगदा दिसतो. धुवत गेलं की एखादा खेकडा इतका ताजा निघतो की कवचाच्या कडेचे दात मोजता येतात. शेजारी दुसऱ्याची फक्त नांगी उरलेली. चपटा पाय हाती लागला की निम्मी ओळख पटलीच. सगळे साधारण एकाच मापाचे आणि जठर गच्च भरलेलं असेल, तर मासा थव्यात घुसला होता असं धरायला हरकत नाही.

पण इथेच घाई करू नये. कायटिन (कवचातलं चिवट द्रव्य) आणि चुन्याचं कवच सावकाश विरघळतं, लहान मासे मात्र लवकर ओळखीपलीकडे जातात. म्हणजे नुसते नग मोजले तर खेकड्याचा वाटा फुगतो. नग, वजन आणि किती जठरांत सापडला, हे तिन्ही एकत्र बघायचं. जोडीला नत्राच्या समस्थानिकांची (त्याच्या हलक्या आणि जड अणूंची) तपासणी असली तर उत्तम: अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नत्राचं प्रमाण साधारण ३ ते ४ सहस्रांशांनी वाढतं.

एवढी काळजी घेऊनही खेकड्याचं महत्त्व टिकतं. पश्चिम हिंदी महासागरात तीसहून अधिक जातींचे मोठे भक्षक त्याला खातात. नैऋत्य मान्सून सुरू झाल्यानंतर अरबी समुद्रात चौरस किलोमीटरला १५,०००हून जास्त खेकडे असू शकतात. इतकं अन्न वाटेत सहज सापडलेलं म्हणता येणार नाही.

तळशोधक:
आणि तो स्वतः काय खातो?

जठरवाचक:
मला सगळ्यात भावतो तो हाच भाग. दिवसा अंधाऱ्या मधल्या थरात राहणारे छोटे मासे आणि क्रिलसारखे (कोळंबीवजा बारीक) जीव रात्री वर येतात, तेव्हा हा त्यांना धरतो. त्या थरातलं विखुरलेलं, बारीक अन्न एका जाडजूड घासात गोळा होतं आणि कुप्याच्या तोंडी लागतं.

मात्र ही सोय हंगामी आहे. आयुष्य जेमतेम वर्षभराचं, संख्या झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. म्हणून ‘कुपा खेकड्यांवर जगतो’ हे विधान मी कधीच करणार नाही. खेकडे नसले की तो म्हाकूळ खातो, छोटे मासे खातो. सेशेल्सच्या आसपास तर काही वर्षं कुप्यांची पोटं नॅटोस्क्विला या मॅन्टिस कोळंबीने भरलेली असायची. जे दाट सापडेल ते खायचं, ही त्याची रीत.

भरतीओहोटी:
मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यालगतचे लाल खेकडेसुद्धा कुपा खातो ना? तेही याच कुळातले का?

जठरवाचक:
नाही, ते लाल खेकडे म्हणजे प्लूरोन्कोडीस प्लॅनिपीस, हा स्क्वॉट लॉब्स्टरांच्या गटातला, खरा खेकडाच नव्हे. पोहतो तोही शेपूट मारत, मागे-मागे. त्याचं गणितही वेगळं पडतं: तो वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) थेट गाळून खाऊ शकतो, त्यामुळे प्लवकापासून कुप्यापर्यंत मध्ये एकच प्राणी येतो. स्मिथायच्या साखळीत छोटे मासे आले की पायऱ्या वाढतात आणि प्रत्येक पायरीला बरीचशी ऊर्जा खर्ची पडते. दोघांची तुलना करायची तर पोटातले नग बाजूला ठेवून आधी हा हिशेब मांडावा लागेल.