मदत हवी आहे: लाकूड घासायच्या सँडरने गाडी पॉलिश होईल का?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो. प्रश्न वाचून हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

गाडी २०१३ ची स्विफ्ट, गडद निळी, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. सावलीत नवीकोरी दिसते. उन्हात उभी केली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली तर बघवत नाही.

कारण माहीत आहे: आमचे अण्णा. रोज सकाळी सहाला टॉवेल घेऊन कोरडीच गाडी पुसतात. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते गाडीवर कुठं ओतायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही. टॉवेल अर्थात आपल्या गावचाच, टर्किश. अंग पुसायला झकास, पण होटगी रोडची धूळ त्याच्या फासांत बसली की त्याचा पॉलिश पेपर होतो.

गाडी पॉलिश करून देणाऱ्या डिटेलिंगवाल्याला विचारलं. त्यानं आकडा सांगेपर्यंत मी गाडी बंदसुद्धा केली नव्हती, तसाच परत आलो.

आता घरात एक सँडर पडून आहे. दिवाळीआधी दार आणि दोन खुर्च्या घासायला ऑनलाइन मागवलेला, दोन हजारांच्या आतला. गोल पॅड, ५ इंची, खाली वेल्क्रो, आठ भोकं, मागे भुसा गोळा व्हायची पिशवी. वेगाला १ ते ६ आकड्यांची चकती, खोक्यावर ७,००० ते १२,००० लिहिलंय. व्हिडिओत बघितलं तर गाडीचा रंग चमकवायचं मशीन, ड्युअल ॲक्शन पॉलिशर, तोही असाच दिसतो. म्हटलं, भाऊ-भाऊच असणार. ५ इंची जाड फोम आणि रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) आणलं, आणि रविवारी डिकीच्या झाकणावर हातभर जागेत प्रयोग केला.

बटण दाबलं आणि निम्मं कंपाउंड माझ्या चष्म्यावर, नंबर प्लेटवर आणि शेजारच्या काकूंच्या तुळशीवर. वेग कमी करून पुन्हा सुरू केलं तर पॅड जागच्या जागी थरथरतं, फिरत म्हणून नाही. अंगाचा भार दिला, तरी तेच. तीन-चार मिनिटांत फोम मधोमध इतका तापला की वेल्क्रो सुटायला लागलं. पुसून बघितलं तर ओरखडे होते तिथंच, वर धुरकट पडदा फुकट.

मशीन चुकीचं की मी? आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळाला तर नसेल ना?

सातरस्ता: काय बे, दाराचं मशीन गाडीला? उद्या मिक्सरमध्ये कणीक मळशील. तुळशीचं काय झालं ते आधी सांग.

मूळ प्रश्नकर्ता: तुळस धुतली. काकू अजून बोलत नाहीत.

चिंचोलीकर: रंगकामात बरीच वर्षं काढलीत म्हणून सविस्तर लिहितो. दोघंही थोडे थोडे चुकलात, तुम्ही जरा जास्त.

पॉलिशरचं पॅड नुसतं फिरत नाही, मध्यापासून सरकत सरकत फिरतं. तो फेरा साधारण ८ मिमीपासून सुरू होतो, मोठ्या मशीनना १५ आणि २१. स्वस्त सँडरचा जेमतेम २ ते ५ मिमी. त्यावर इंचभर जाड फोम लावला की सगळी थरथर फोमच्या पोटातच जिरते, रंगापर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे हे पॅड गिअरनं फिरत नसतं. मोकळ्या बेअरिंगवर आपसूक गरगरतं, दाबलं की थांबतं. थांबलं की एकाच जागी घर्षण, म्हणून तापलं. तुम्ही जितका भार दिला तितकं ते अडलं.

प्लग काढून पॅड हातानं फिरवून बघा. जड लागलं तर वरच्या बाजूला रबराची कडी असेल. मशीन हवेत उचलल्यावर पॅड सुसाट सुटू नये म्हणून तो ब्रेक दिलेला असतो. लोक काढायला सांगतात. काढू नका, १२,००० वर सुटलेला फोम थोबाडावर येतो.

धुरकट दिसतंय ते बहुतेक कंपाउंडचेच बारीक ओरखडे आहेत, जळालेलं नाही. पण क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा. तेवढ्यातच सगळा खेळ, म्हणून कडांवर आणि बॉनेटच्या उंचवट्यांवर मास्किंग टेप लावल्याशिवाय मशीन धरायचं नाही. तिथं रंग आधीच पातळ असतो.

याच मशीनवर करायचंच असेल तर फोम पातळ घ्या, अर्ध्या इंचाचा, आणि मशीनच्या गोल प्लेटपेक्षा थोडा मोठा, साडेपाच-सहा इंची. तुम्ही सारख्याच मापाचा घेतलात. जरा तिरका झाला की प्लेटची कडक कड रंगाला लागणार. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारा, चालताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली की हात हलका करा. मशीनचं वजन पुरेसं, आपण फक्त वाट दाखवायची. कंपाउंडचे चार-पाच थेंब, हरभऱ्याएवढे, आणि मशीन बंद असतानाच पॅडनं टिपून पसरून घ्या, मग सगळ्यात कमी वेगावर चालू. दीड फूट बाय दीड फूट जागा, आधी आडवं मग उभं, तीन-चार वेळा. मग थांबून फोमला हात लावून बघा.

आणि हे सगळं सावलीत, पत्रा गार असताना. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कंपाउंड पत्र्यावर पडल्या पडल्या वाळतं.

एवढं करून जाळी फिकी होईल. जिथं नख अडकतं तो ओरखडा जाणार नाही, मशीन दोन हजारांचं असो की वीस हजारांचं.

भवानीपेठ_पेंटर: वरच्या दादांनी सगळं सांगितलं, एकच राहिलं. सेकंडहँड गाडी आहे ना? बॉनेट पुन्हा रंगवलेलं असू शकतं. फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर लावून बघा, कुठं ढिलं धरलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, तिथं मशीन नको. आणि पांढऱ्या फडक्यावर थेंबभर कंपाउंड घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं निळं झालं तर त्या जागी वर क्लिअर कोट नाही, थेट रंगच निघतोय. मग हातानंच करा.

मूळ प्रश्नकर्ता: दोघांचे आभार. आज पुन्हा बसलो, सकाळी सातला, पोर्चमध्ये. फडकं पांढरंच राहिलं. चुंबक उजव्या मागच्या दारावर घसरलं, म्हणजे आधीच्या मालकानं कुठं तरी दार ठोकलेलं आहे. घेताना "एक टचअप नाही साहेब" म्हणाला होता.

पातळ फोम, मार्करची रेघ, दोन नंबरचा वेग. रेघ फिरली! हळू, पण फिरली. हात जरा जड झाला की थांबायची, मग मलाच कळायला लागलं. डिकीच्या अर्ध्या भागाला पाऊण तास लागला. मोबाइलचा टॉर्च मारला तर धुरकटपणा गेला, जाळी अर्ध्याहून फिकी झाली. चावीचा एक ओरखडा आहे, नख अडकतं, तो तसाच. बोटं मात्र अजून झिणझिणतायत. अख्खी गाडी या मशीनवर होणार नाही. बॉनेट आणि डिकी करतो, बाकी राहू दे.

एक उपप्रश्न: बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड वाळून पांढरं बसलंय.

चिंचोलीकर: जुना मऊ टूथब्रश आणि शांपूचं पाणी. पुढच्या वेळी प्लास्टिकलाही टेप लावा. आणि धुळीची गाडी कोरडी पुसणं बंद करा, नाहीतर महिन्याभरात जाळी परत. बादलीभर पाण्यात मायक्रोफायबरचं फडकं भिजवून वरून खाली, फडकं सारखं पिळत. तेवढं पाणी पुरतं.

सातरस्ता: टॉवेल लपव बे.

मूळ प्रश्नकर्ता: कालच लपवला. आज सकाळी अण्णा जुन्या चादरीचा तुकडा घेऊन निघाले होते.