जुनी १०० सीसी ३-४ किलोमीटरवर बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते

पांढरंसोनं (दारव्हा):
२००९ ची १०० सीसी गाडी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाकडं आठ महिने गोठ्यात उभी होती. घरी स्लोला मस्त चालते. डांबरीवर चाळीसच्या वर नेली की ३-४ किलोमीटरवर झटके मारते अन् बंद पडून जाते. चोक ओढला तर थोडी पुढं सरकते. दहा मिनिटं थांबलं की एका किकमध्ये चालू. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साफ केलं. मिस्त्री म्हणते कार्बोरेटरच बदला. बदलू का?

स्लोजेट:
भाऊ, इतक्यात नका बदलू. चोक हवा कमी करतो, त्यानं सरकते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि थांबल्यावर चालू होते म्हणजे फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी) हळूहळू का होईना भरतेय. नुसतं जेट (वाटीतलं पेट्रोल ओढणारं बारीक छिद्र) बुजलं असतं तर दहा मिनिटं थांबून काय फरक पडणार? अडचण वाटीत पेट्रोल येण्याच्या वाटेवर दिसते.

गाडी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र धुळीनं बुजलंय. तसं नसेल तर इंजिन थंड होऊ द्या, कार्बोरेटरच्या तळाच्या ड्रेन नळीखाली पारदर्शक बाटली धरा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू ठेवून ड्रेन स्क्रू दोन आटे ढिला करा. सुरुवातीला येतं ते वाटीतलं, ते हिशोबात धरू नका. त्यानंतरही सलग धार हवी. थेंब-थेंब झालं तर कॉकची जाळी, पाइप नाहीतर फ्लोटची नीडल (वाटीत येणारं पेट्रोल उघडबंद करणारी सुई) अडलीय. बिडी-काडी लांब ठेवा.

मिस्त्री_वरोरा:
कॉइल (प्लगला करंट देणारी) तापून स्पार्क गेला तरी गाडी अशीच थांबते अन् थंड झाल्यावर चालू होते, ते विसरू नका. फक्त कॉइलवाली बहुतेक एकदम बंद पडते, अन् चोकनं तिला काही फरक पडत नाही. तुमची झटके मारून राहिली, म्हणून मी पण पेट्रोलच म्हणतो. तरी प्लगपाना खिशात असू द्या. बंद पडली की प्लग काढून कॅपमध्ये लावा, इंजिनच्या लोखंडाला टेकवून किक मारा. हे बाटलीच्या कामाआधी, पेट्रोल सांडल्यावर नाही.

पांढरंसोनं (दारव्हा):
झाकणानं फरक नाही. स्पार्क निळा, कडक. बाटलीत पहिले धार आली, मंग थेंब. रिझर्व्हला तर थेंबही बंद. तळाशी चहापत्तीसारखा गंज, अन् पाण्याचा गोळा वेगळाच फिरते.

स्लोजेट:
मग कॉकच. रिझर्व्ह अगदी तळातून घेतं, म्हणून गंज तिथं आधी अडकला. पाण्याचंही कारण आहे: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर गाडी उभी असली की हेच होतं.

टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, कॉक काढा, भोक बंद करा. साधं पांढरं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा. सकाळी मूठभर छोटे नट टाकून हलवा, नट मोजून टाका आणि मोजूनच काढा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, उन्हात कोरडीठाक करा आणि लगेच पेट्रोल भरा. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस. कॉकची जाळी, वॉशर आणि रबरी पाइप नवे घ्या. जुना पाइप वाकवून बघा, भेगा दिसतील.

मिस्त्री_वरोरा:
कार्बोरेटर एकदा खोलाच, गंज वाटीतही गेला असन. एअर स्क्रू (स्लोची हवा जुळवणारा) काढायच्या आधी हळू आत फिरवा, किती आट्यांत बसते ते लिहून ठेवा अन् लावताना तितकाच बाहेर घ्या. जोरानं आवळला तर टोक खराब होते. जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. वायरीतली तांब्याची एक बारीक तार अन् हवा, बस. क्लीनर मारायच्या आधी रबराचे रिंग बाजूला काढा, नाही तर फुगतात. नीडलच्या टोकाला गोल खाच दिसली तर तीही बदला, नाहीतर उभ्या गाडीत वाटी ओव्हर (भरून वाहती) होऊन नळीतून पेट्रोल गळन. पेट्रोलचा फिल्टर पाइपात लावला तर त्यावरचा बाण कार्बोरेटरकडं, अन् पाइपाला वर कुबड येऊ देऊ नका.