सुधाकर विसरला, तळीराम राहिला: पात्र लक्षात राहतं ते कशामुळे?

अर्धा_कप:
दिवाळी अंकाला पाठवलेली माझी कथा परत आली. त्याचं दुःख नाही, सवय आहे. पण संपादकांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या डोक्यातून जात नाहीयेत. नायकाचं नाव त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. रेशनच्या दुकानात काट्यावर बसणारा माणूस मात्र राहिला होता.

या नायकावर मी तीन महिने घालवलेत हो! एका कार्यशाळेत शिकवलं होतं तसा रीतसर तक्ता भरला. जन्मगाव, लहानपणीची भीती, आवडता रंग, वडिलांशी बोलणं कधी बंद झालं, सगळं. काटेवाला जेमतेम अर्धं पान आहे. साखर मोजण्याआधी रिकाम्या तागडीला फुंकर मारतो, बस. तो मला चहा निवायच्या आत सुचला होता.

मग राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक आठवलं. १९१९ मध्ये ते रंगभूमीवर आलं. शोकांतिका सुधाकरची. वकिली, मानी स्वभाव, अपमान, दारू, शपथ, मोडलेली शपथ, गडकऱ्यांनी काय म्हणून द्यायचं ठेवलं नाही त्याला. आणि शंभर वर्षांनी भाषेत उरला कोण? तळीराम! ३१ डिसेंबरची रात्र उलटली की 'तळीरामांवर कारवाई' ही बातमी ठरलेली. ज्यांनी नाटक पाहिलं नाही, वाचलं नाही, तेही हा शब्द वापरतात. सुधाकर म्हटलं तर आपल्याला एखादे काकाच आठवतात.

म्हणून माझं मत असं झालंय की पात्र एका ठसठशीत गोष्टीवर जगतं. एक वेड, एक लकब, एक हट्ट. बाकीचा तक्ता लेखकाच्या समाधानासाठी. पटत असेल तर सांगा, नसेल तर जरूर झोडा.

तिरकस:
झोडतो.

पुढच्या वेळी कोणी 'तळीराम' म्हणालं की त्याला विचारा, तळीराम नाटकात कोणाकडे कामाला असतो? त्याने काढलेल्या मंडळाचं नाव काय? आर्यमदिरामंडळ हा शब्द दहांत एकालाही आठवणार नाही. लोकांच्या लक्षात तो माणूस नाही, त्याच्या नावाची चिठ्ठी तेवढी आहे आणि ती कुठल्याही पिणाऱ्याच्या पाठीवर चिकटते. पात्राचं सामान्यनाम होणं हा मला त्याचा गौरव वाटत नाही. माणूस झिजून नुसता शब्द उरला.

सुधाकर आठवायला अवघड आहे, कारण तो बदलत राहतो. पहिल्या अंकातला सुधाकर आणि शेवटचा सुधाकर एका वाक्यात बसत नाहीत. तळीराम पहिल्या प्रवेशात जसा भेटतो तसाच शेवटपर्यंत.

आणि लकबीवरच पात्र जगतं म्हणता, तर 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरची लकब सांगा. पुस्तक १९६३चं आहे, अजून पोरं होस्टेलच्या खोलीत वाचतात आणि म्हणतात हा मीच.

चौथी_ब:
उदाहरणार्थ, 'उदाहरणार्थ'. वगैरे.

तिरकस:
:) ठीक, दर वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे', ही त्याची लकबच. हा गुण तुमचा. पण त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग पुन्हा वाचा आणि सांगा, तिथे लकबीकडे लक्ष जातं का? लकब होती म्हणून तो आत शिरला असेलही. मुक्काम कशावर केला ते बघा.

नेपथ्यवाला:
दोघेही नाटकाचं उदाहरण घेऊन कथेबद्दल भांडताय. मी वीस वर्षं हौशी नाटकांना पडदे आणि खुर्च्या पुरवल्या आहेत, म्हणून बोलतो. लखोबा लोखंडे घ्या. कोणी दोन-तीन लग्नं करून पळाला की आजही त्याला लखोबा म्हणतात. 'तो मी नव्हेच' १९६२चं. लिहिलं अत्र्यांनी, पण डोळ्यांसमोर येतात प्रभाकर पणशीकर. फिरता रंगमंच, दर वळणावर नवा वेश, नवी बोली, आणि आतला माणूस तोच. यातलं किती कागदावरचं आणि किती नटाचं, हे कोणी वेगळं करून दाखवावं.

चिमणरावांचंही तेच. चिं. वि. जोशींची पुस्तकं वडिलांनी वाचली तेव्हा त्यांच्या मनात कुठलातरी त्यांचा स्वतःचा चिमणराव होता. दूरदर्शनवर मालिका आली आणि माझ्या मनात कायमचे दिलीप प्रभावळकर बसले. अंतू बर्वा वाचायला घेतो तर कानात पुलंचाच आवाज. आपण कथा लिहिणारे, आपल्याला ना नट ना आवाज. तेव्हा उदाहरणं छापील पानावरचीच घ्या.

(तळीराम हे नावच अर्धं काम करतं, हे राहिलंच. गोविंदराव ठेवलं असतं तर पोलिसांनी कोणावर कारवाई केली असती?)

निंबोणी:
तीन पुरुष, पाच-सहा पात्रं, एकही बाई नाही. 'एकच प्याला'मध्येच सुधाकरची बायको सिंधू आहे, हे कोणाला आठवलं का? बालगंधर्वांनी केलेली. घरात दाणा नाही, दुसऱ्यांची दळणं दळते. तीही भाषेत उरली आहे, पण कशी? 'सिंधूसारखी सोसत बसू नकोस' अशी. माझ्या आजीच्या तोंडी होतं हे.

लकबीबद्दल माझा अनुभव उलटा आहे. बाईला लकब दिली की ती विनोदी मावशी होते. मी एका कथेत एक सासू लिहिली होती. ती पोळ्यांची चळत झाकण्याआधी वरची पोळी उलटी करून ठेवते. कोणी मधूनच घेतली की कळावं म्हणून. गटात वाचली तर सगळे हसले. मग एकजण गंभीर होऊन म्हणाले, हिला काहीतरी दुःख द्या, म्हणजे उंची येईल. म्हणजे बाईपुढे दोनच रस्ते, हसवा नाहीतर सोसा.

म्हणून मला 'रणांगण' कादंबरीतली हॅर्टा जवळची वाटते. विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये लिहिली. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली ही एक. तिची एकही सवय मला आत्ता सांगता येणार नाही. तिला काय हवं होतं ते मात्र नीट सांगता येईल. मुंबईला नायक चक्रधर उतरतो, बोट तिला घेऊन पुढे जाते. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी इथेच थांबते.

अर्धा_कप:
निंबोणी, उलटी पोळी जबरदस्त आहे. ती कथा पुरी करा. आणि दुःख देऊ नका, प्लीज.

घाटमाथा:
उशिरा आलोय. हवं असणं आणि लकब यांवरून एक घरचा किस्सा.

माझ्या एका कथेत मामांची सवय जशीच्या तशी आली होती. एसटीत बसले की तिकिटाची घडी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे, आणि उतरताना तेच तिकीट सगळे खिसे उलटे करून शोधायचे. घाबरत घाबरत अंक पाठवला. मामा खूश! पाहुणे आले की अंक काढून दाखवायचे, हा बघा मी.

त्याच कथेत मामींचं एक वाक्य होतं. त्यांना नर्स व्हायचं होतं, हे मी लहानपणी कधीतरी ऐकलेलं. नाव बदललं, गाव बदललं, एकही सवय त्यांची घेतली नाही. त्यांना ओळखायला पान उलटावं लागलं नाही. वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. कोणी हे उघड विचारलंही नाही, मीही बोललो नाही.

तेव्हापासून कथा लिहून झाली की मी बघतो, हे वाचून कोणी दुखावेल असं यात काही आहे का. नसेल तर पात्र अजून कपड्यांतच आहे, असं समजतो.

तिरकस:
घाटमाथा, मी एवढं लिहूनही जे सांगू शकलो नाही ते हेच.

नेपथ्यवाला:
मला पूर्ण पटलेलं नाही. मामांचं तिकीट मला उद्याही आठवेल. मामींचं दुःख 'कुठेतरी वाचलं होतं' एवढंच उरेल. आणि फास्टर फेणेचं काय? भा. रा. भागवतांनी त्याला एक 'ट्टॉक' दिला, आणि चाळिशीतली माणसं अजून तो आवाज काढून दाखवतात. त्याचं कुठलं अंतरंग उघडलं होतं?

निंबोणी:
दहा वर्षांच्या वाचकाला संकटात उडी मारणारा मित्र हवा असतो. अंतरंग त्याला नको असतं, आणि ते बरोबरच आहे. पण अर्धा_कप यांची कथा दहा वर्षांच्या मुलांसाठी नाही ना?

अर्धा_कप:
नाही. बरं, कबुली. काल कथा पुन्हा काढली. बायकोला वाचायला दिली. तिने एकच विचारलं, तो फुंकर का मारतो?

मला माहीत नव्हतं! धूळ उडवायला म्हणावं, तर तागडी दिवसभर वापरात, धूळ बसणार कधी. काटा मारण्याची युक्ती म्हणावी, तर फुंकर मारून पारडं काही जड होत नाही. रात्री बराच वेळ विचार केला तेव्हा वाटलं, तो गिऱ्हाइकाला दाखवतोय. बघा, तागडी रिकामी आहे, माझ्या मनात काही नाही. मालक खाली काय करतो ते त्याला ठाऊक आहे. तेवढं एक तो स्वतःपुरतं स्वच्छ ठेवतो.

आता पंचाईत अशी की नायकाचं काय करू, कळत नाहीये. तीन महिन्यांचा तक्ता वाया. तरी मूळ मुद्दा सोडलेला नाही, फुंकर आधी सुचली आणि माणूस मागून आला. तक्त्यातून तो आला नसता.

तिरकस:
ते मान्य. मग आता एक काम करा. तो कोणासमोर फुंकर मारत नाही, ते शोधा.

अर्धा_कप:
त्याची स्वतःची बायको रांगेत उभी असेल तर.

थांबा, हे लिहून बघतो.

चौथी_ब:
आणि त्या दिवशी साखर कमी भरते की बरोबर, ते आधी ठरवून ठेवा. वगैरे.