सल्ला हवा: वॉर्डातील वागणूक आणि विद्यार्थिकेंद्री अध्यापन यांचा पद्धतशीर आढावा

शुश्रूषा:
नमस्कार. मी एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते आणि सध्या पीएच.डी.चा प्रस्ताव लिहीत आहे. आम्ही वर्गात गटचर्चा आणि समस्याधारित अध्ययन यांवर भर देतो, मुलींना प्रश्न विचारायला शिकवतो. पण त्याच मुली क्लिनिकल पोस्टिंगला गेल्या आणि त्यांनी वॉर्डात प्रश्न विचारला, की सर्वांसमोर त्यांचा पाणउतारा होतो. हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. रुग्णालयातील वागणूक आणि विद्यार्थिकेंद्री अध्यापन हे दोन्ही विषय एकाच पद्धतशीर आढाव्यात, म्हणजे ठरलेल्या निकषांनी आधीचे अभ्यास शोधून, तपासून घेतलेल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये, घेता येतील का? हे काम एकटीने निभेल का?

आढावेकर:
शुश्रूषाताई, दोन्ही विषय सरसकट एकत्र घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोन्हीकडचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. अध्यापनाच्या बाजूला तुलनात्मक अभ्यास भरपूर आहेत. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात 2014 साली आलेल्या फ्रीमन आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात 225 अभ्यास होते, आणि त्यांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत 33.8 टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे चर्चा आणि कृतीतून शिकवणाऱ्या, वर्गांत 21.8 टक्के आढळले. (ते वर्ग पदवीच्या विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचे होते, हे आकडे वॉर्डातील शिक्षणाला जसेच्या तसे लावू नयेत.) वागणुकीच्या बाजूला मात्र बहुतेक सर्वेक्षणेच सापडतात आणि प्रत्येकाची व्याख्या निराळी असते. कामाच्या ठिकाणचे बुलिंग (वारंवार होणारा छळ) रोखण्याच्या उपायांवर कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे जेमतेम 5 अभ्यास मिळाले आणि त्यांच्या पुराव्याचा दर्जाही अत्यंत कमी ठरला.

म्हणून आधी व्याख्या पक्की करा. अँडरसन आणि पिअर्सन यांनी 1999 मध्ये मांडलेली असभ्य वर्तनाची कल्पना सौम्य तीव्रतेच्या, हेतू संदिग्ध असलेल्या वागण्याबद्दल आहे. बुलिंगमध्ये मात्र तेच वागणे पुन्हा पुन्हा होते आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते. या दोन्ही गोष्टी एका आकड्यात मिसळल्या, तर तो आकडा कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. तुमचा खरा प्रश्न तुमच्याच मजकुरात आहे: पोस्टिंगमध्ये मिळणाऱ्या वागणुकीमुळे विद्यार्थिनींचे प्रश्न विचारणे आणि शिकणे कसे बदलते? तेवढाच घ्या. तो महत्त्वाचा का आहे, हे प्रस्तावात पटवून देताना इस्रायलमधील रिस्किन आणि सहकाऱ्यांचा 2015 चा प्रयोग जरूर मांडा. त्यात नवजात अतिदक्षता विभागांतील 24 चमूंना कृत्रिम प्रसंगात रुग्ण हाताळायला दिला होता, आणि ज्यांना एका परक्या तज्ज्ञाचे उद्धट शेरे ऐकावे लागले, त्यांचे निदान आणि प्रत्यक्ष उपचारकौशल्य दोन्ही घसरले.

एकटीने हे काम करू नका. लेखांची चाळणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निर्णय द्यावा. रय्यानसारख्या लेख चाळण्याच्या ऑनलाइन साधनात हे सोयीने जमते.

ग्रंथसखा:
मी वैद्यकीय ग्रंथालयात काम करतो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसवर थांबू नका. परिचर्येसाठी सिनाल आणि शिक्षणासाठी एरिक हे डेटाबेस पाहा, आणि भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा तर नक्कीच चाळा, कारण तेथील कितीतरी काम नियतकालिकांपर्यंत पोहोचतच नाही. ‘बुलिंग’ या एकाच शब्दावर शोध घेतल्यास ‘इनसिव्हिलिटी’ (असभ्य वर्तन), ‘लॅटरल व्हायलन्स’ आणि ‘हॉरिझॉन्टल व्हायलन्स’ (दोन्ही म्हणजे बरोबरीच्या सहकाऱ्यांकडून होणारा त्रास) या नावांखालचे लेख हातातून निसटतात. प्रत्येक शोधाची नेमकी शब्दरचना तारखेसह जपून ठेवा. आढाव्याचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या प्रिस्मा 2020 च्या 27 मुद्द्यांच्या यादीत शोधाचा पूर्ण तपशील मागितलेला आहे.

आढाव्याच्या आराखड्याची आगाऊ नोंदणी प्रॉस्पेरो या नोंदणी-संकेतस्थळावर करायची असेल, तर आरोग्याशी निगडित निष्पत्ती (मोजायचा परिणाम) असावी लागते. विद्यार्थिनींवरील मानसिक ताण ही निष्पत्ती घेतलीत, तर ती अट पूर्ण होऊ शकेल. स्कोपिंग रिव्ह्यू, म्हणजे एखाद्या विषयावर काय काय काम झाले आहे याचा फक्त आवाका दाखवणारा आढावा, मात्र तेथे घेत नाहीत. त्यासाठी ओपन सायन्स फ्रेमवर्क हे खुले संकेतस्थळ वापरतात.

स्टेथो:
दर्जा तपासायला सर्व अभ्यासांना एकच मोजपट्टी लावू नका. मुलाखतींवर आधारित अभ्यासांसाठी जेबीआय या संशोधन संस्थेची तपासणी सूची घ्या. संख्यात्मक शैक्षणिक अभ्यासांसाठी मर्स्की (MERSQI) ही कमाल 18 गुणांची, अभ्यासाचा दर्जा मोजणारी पट्टी आहे.

शुश्रूषा:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. अध्यापनपद्धतींची तुलना मी वगळते आणि आढावेकरांनी सुचवलेला प्रश्नच घेते. चाळणीसाठी एका सहकारी अध्यापिकेला विचारते आहे. शोधशब्दांची यादी रविवारपर्यंत येथेच देईन. ग्रंथसखा, ती एकदा आपल्या नजरेखालून जावी, ही विनंती.