महिन्याचा किराणा ठरल्या रकमेत कसा बसवता? अनुभव लिहा

रानजाई
आवराआवर करताना घरातली जुनी हिशेबाची वही हाती लागली. प्रत्येक ओळीत आधी वजन आणि मग पैसे: तेल ५, साखर ३, तांदूळ १०. हल्ली उलटं झालंय. रक्कम ठरवतो आणि वजनाचा पत्ताच नसतो, म्हणून २२ तारखेला पैसे संपतात. मग उरलेल्या दिवसांसाठी छोटी पाकिटं येतात आणि किलोमागे सगळ्यात महाग तीच पडतात.

माझ्या मते सुरुवात खपापासून करावी. पाकीट फोडलं की त्यावर तारीख, संपलं की दुसरी तारीख. ५ किलो तांदूळ २० दिवसांत संपला तर रोजचा खप २५० ग्रॅम, म्हणजे ३१ दिवसांच्या महिन्याला पावणेआठ किलो. आल्यागेल्यासाठी दहावा हिस्सा वर धरा, साडेआठ झाले. डब्यात किलोभर शिल्लक असेल तर यादीत साडेसात. नुसतं "तांदूळ" लिहिलेली यादी यादीच नव्हे, आकडा पाहिजेच.

आणि पहिले तीन महिने काटकसर करायला जाऊ नका. फक्त मोजा. खप माहीत नसताना रक्कम कापली की कात्री चुकीच्या जागी लागते. आता तुम्ही भर घाला.

चकोर
तारखेच्या मुद्द्याला मोदक, म्हणजे अनुमोदन! एकच सांगते, माल डब्यात ओतला की पाकीट कचऱ्यात आणि तारीखही कचऱ्यात. त्यामुळे कागदी चिकटपट्टी डब्यालाच लावायची आणि त्यावर लिहायचं. थेट प्लास्टिकवर लिहिलंत तर बॉलपेन पुसलं जातं, तिथे मार्कर हवा. पाकिटावरची "अमुक तारखेआधी वापरा" ही पट्टीही कापून डब्यात टाकायची.

हिशेबनीस
सगळ्यात जास्त बजेटं कॅलेंडरमुळे फुटतात, उधळपट्टीमुळे नाही. महिन्याची रक्कम ४ ने भागून आठवड्याची काढतात. वर्षात ५२ आठवडे आणि ४ गुणिले १२ म्हणजे ४८. उरलेल्या चार आठवड्यांचं जेवण कुठून येणार? योग्य हिशेब असा: महिन्याची रक्कम गुणिले १२, भागिले ५२. महिन्याला १०० असतील तर आठवड्याला २३ येतात, २५ नाही. २५ ने चाललात तर २८ तारखेला हात रिकामे आणि महिना अजून दोन-तीन दिवस शिल्लक.

कार्डाने पैसे भरणाऱ्यांनी अजून एक बघा. कार्डाचं बिल १५ किंवा १८ तारखेला बनतं, घरचा महिना १ तारखेला सुरू होतो. बिल बघून बजेट तपासलं तर दोन महिन्यांची खिचडी होते. खर्च ज्या दिवशी झाला त्या दिवशी लिहायचा, बिल कधीही येवो.

आणि साबण, भांड्यांचं लिक्विड, टूथपेस्ट किराण्यात धरू नका. वेगळं खातं. ते दोन-तीन महिन्यांतून एकदा येतं आणि आलं त्या महिन्यात उगाच जेवणाच्या रकमेवर कुऱ्हाड पडते.

मधली सुट्टी
साबणाचं अगदी अगदी!! आमच्यात पण हेच भांडण

तिसरा_मजला
तेलावर लिहितो, कारण फसगत तिथेच जास्त. १ लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी तशाच आकाराचं ८०० किंवा ८५० ग्रॅमचं पाकीट ठेवलेलं असतं, किंमत थोडी कमी. हात आपोआप तिकडे जातो. किमतीला ग्रॅमने भागा, १००० ने गुणा. ९१० ग्रॅम १०० ला असेल तर किलोला ११०. ८०० ग्रॅम ९२ ला असेल तर किलोला ११५. स्वस्त दिसणारं महाग निघालं. हाच हिशेब बिस्किटं, साबण, चहा सगळ्याला. किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करणं हल्ली सर्रास चालतं, म्हणून वहीत भाव पाकिटाचा लिहू नका, किलोचा लिहा.

१५ किलोचा डबा घेणाऱ्यांसाठी: त्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल असतं, पंधरा नाही.

उंबरठा
आणि तेल गरम झालं की पसरतं, म्हणून तुलना वजनावरच करावी. लिटरवर नको.

दुपारचा_चहा
मोठं पाकीट स्वस्त हे अर्धंच खरं आहे. खराब व्हायच्या आत संपलं तरच स्वस्त. कोंड्यासकट दळलेलं पीठ खवट लवकर होतं कारण कोंड्यातल्या आणि अंकुरातल्या तेलाला हवा लागते. अख्खं धान्य तेवढ्याच दिवसांत छान राहतं. म्हणून धान्य मोठं घ्या, पीठ थोडं घ्या. मसाल्याची पूड थोडी, अख्खा मसाला जास्त. तेलाला उजेड आणि उष्णता दोन्ही नको, त्यामुळे शेगडीशेजारची जागा सोयीची असली तरी वाईट.

सायसाखर
लिहायला वेळ नाही, पोळ्या चालू आहेत, पण एक विचारते. उत्पन्नाच्या किती टक्के किराणा असावा? कोणी २० म्हणतं, कोणी ३०.

हिशेबनीस
@सायसाखर ताई, सगळ्यांना लागू पडेल असा एक टक्का नाहीच. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा अन्नावरचा खर्च वाढतो, पण त्याचा उत्पन्नातला हिस्सा कमी होतो. त्यामुळे कमी पगाराच्या घरात ४० टक्के म्हणजे उधळेपणा नव्हे आणि मोठ्या पगाराच्या घरात १५ टक्के म्हणजे काटकसर नव्हे. शेजारच्या घराशी तुलना सोडा, आपल्याच मागच्या तीन महिन्यांशी करा.

माणसांच्या संख्येबद्दल मात्र वापरण्यासारखा आकडा आहे. अमेरिकेचं कृषी खातं जेवणखर्चाचे अंदाज काढतं ते चौघांचं घर धरून. एकटा माणूस असेल तर माणशी खर्चात २० टक्के वाढवा, दोघं असतील तर १०, तिघं असतील तर ५. पाच-सहा जणांना ५ टक्के कमी, सात किंवा जास्त असतील तर १० टक्के कमी. एकट्याला माणशी महाग पडतं ते त्याच्या हाताला शिस्त नाही म्हणून नाही. छोटी पाकिटं आणि वाया जाणं, दोन्ही त्याच्याच वाट्याला जास्त येतं.

सायसाखर
आभार दादा. हे बरं झालं, उगाच मनाला लागत होतं.

रानजाई
@सायसाखर मनाला लावून घेऊ नका हो. पोळ्या झाल्या की निवांत वाचा.

मीठभाकर
वजनावर चाललंय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा घ्या, त्या थेट यादीत उतरवता येतात. मोठ्या माणसाला मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. चार मोठी माणसं, ३० दिवस, म्हणजे ६०० ग्रॅम झाले. त्यात बाहेरच्या चिवड्या-लोणच्यातलं मीठ पण आलं. महिन्याला किलोची पिशवी संपत असेल तर विचार करा. साखर २५ ग्रॅमपर्यंत उत्तम, ५० ही वरची हद्द. चौघांना ३ किलो पुरे, ६ च्या वर नकोच.

उलट भाज्या आणि फळं मिळून माणशी रोज किमान ४०० ग्रॅम हवीत. चौघांना महिन्याला ४८ किलो! पैसे कमी पडले की सगळे आधी इथेच कापतात, आणि कापायची शेवटची जागा ही आहे. आधी साखर, मग तळण, मग बाटलीबंद पेयं. भाजीला हात लावू नका.

मधली_सुट्टी
४८ किलो!!! उचलून कोण आणणार, मला आत्ताच खांदा दुखायला लागला 😄

मीठभाकर
आठवड्यातून दोनदा गेलात तर एका खेपेला साडेपाच किलोच होतात. दोघांनी एकेक पिशवी धरली की झालं. फक्त वजन साफ केलेल्या भाजीचं धरा. शेंगांतला मटार सोलल्यावर निम्म्याहून कमी उरतो, फुलकोबीचा पाला-दांडा जातो. भावाला उरलेल्या वजनाने भागलं की खरा भाव कळतो. सोललेला मटार महाग वाटतो, पण गणित केल्यावर कधीकधी बरोबरीत येतो.

काठावरची
कडधान्यांचे भाव वर गेले की काय करायचं? डाळच बंद करायची का, असं विचारतात लोक. नाही. डाळ, अंडी, दूध, सोयाबीन हा एक गट धरा आणि गटाची रक्कम ठरवा, त्यात अदलाबदल करा. मोजायचं ते १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती पैसे हे. डाळीत साधारण २२-२४ टक्के प्रथिनं, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम डाळ. सोयाबीन ३६ टक्के धरा, २८० ग्रॅम पुरतं. अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, १६-१७ अंडी. दूध ३ लिटर. तुमच्याकडचे भाव घालून बघा. कोण स्वस्त ते दर महिन्याला बदलतं, म्हणून पक्कं उत्तर देत नाही.

तिसरा_मजला
हे सेव्ह केलं.

सायसाखर
आले परत. फेकलं जातं त्याचं काय? तो खर्च कोणी लिहीतच नाही.

चकोर
लिहायलाच हवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, जगभरच्या घरांतून माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो अन्न वाया जातं. साली-देठ त्यातच आले. महिन्याला साडेसहा किलो, चौघांच्या घरात २६ किलो! निम्मं जरी साल-देठ धरलं तरी उरलेलं विकत घेतलेलंच अन्न आहे.

फ्रिजच्या दारावर कागद लावायचा: काय टाकलं, किती, का. "का" हा रकाना महत्त्वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो. जास्त शिजवलं असेल तर माप बदला. मागे राहून विसरलं असेल तर नवीन आलेलं मागे, जुनं पुढे. मुदतीआधीच खराब झालं असेल तर ठेवण्यात चूक आहे. फ्रिज ५ अंशांच्या वर नको. दार ही सगळ्यात गरम जागा, दूध तिथे ठेवू नका. पालेभाजी धुऊन ओली ठेवली की सडते, कोरडी करून कापडात गुंडाळा. सफरचंद-केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, शेजारची पालेभाजी पिवळी पडते. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, आणि बटाटा उजेडात नकोच, हिरवा होतो.

उंबरठा
"बेस्ट बिफोर" उलटली म्हणून पिठं-डाळी फेकू नका. ती चव आणि दर्जाची तारीख. वास, रंग, कीड बघून ठरवा. "यूज बाय" किंवा एक्सपायरी मात्र सुरक्षिततेची, तिथे हिंमत नको.

दुपारचा_चहा
कीड म्हटल्यावर आठवलं, तांदळात पोरकिडे झाले तर कोण काय करतं? उन्हात घालून किडे पळतात पण परत येतात.

काठावरची
ऊन लागलं की मोठे किडे निघून जातात, अंडी दाण्यात राहतात. फ्रीझर उणे १८ अंशांचा असेल तर किलोकिलोच्या बंद पिशव्या करून ४ दिवस ठेवा, अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं पाणी साचतं आणि बुरशी धरते.

दुपारचा_चहा
हे माहीत नव्हतं. उद्याच.

हिशेबनीस
वर्षाची बेगमी करणाऱ्यांसाठी राहिलंच. धान्य एकदम भरलं त्या महिन्यात बजेट फुटलं असं लिहू नका. दर महिन्याला त्या रकमेचा बारावा हिस्सा बाजूला काढा आणि भरणी त्यातून करा. सणासुदीचं, पाहुण्यांचंही तसंच. सण अचानक येत नाहीत, कॅलेंडरात छापलेले असतात.

मीठभाकर
@रानजाई तुमच्या वहीवरून आठवलं, जपानमध्ये हानी मोतोको यांनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली. त्या पद्धतीला काकेइबो म्हणतात, आणि हाताने लिहिण्यावर भर आहे. हाताने लिहिलेला आकडा डोक्यात राहतो हे मला पटतं.

रानजाई
वा! शोधून वाचते. फोटो विचारत आहेत त्यांना: वही जीर्ण आहे, पानं सुटतात, जमलं तर टाकते.

मधली_सुट्टी
शिल्लक मोजायला दर महिन्याला सगळे डबे रिकामे करता का तुम्ही लोक? 😮 मला जमणार नाही

चकोर
नाही गं! डबा रिकामा असताना एकदाच त्याचं वजन करून ठेवायचं. मग भरलेला डबा काट्यावर ठेवला की वजाबाकीने शिल्लक. ५ किलोपर्यंतचा साधा डिजिटल काटा पुरतो, सेल उतरले की चुकीचं दाखवतो तेवढं बघ.

मधली_सुट्टी
ओके. झाकणाच्या आत लिहू का वजन?

चकोर
झाकणं अदलाबदल होतात. बुडाला लिही, वर पारदर्शक चिकटपट्टी लाव, धुताना पुसलं जात नाही. आणि वजन झाकणासकट कर.