शब्दचर्चा : ‘एंड-टू-एंड’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

सालई : तालुक्यातल्या सेवा केंद्रांसाठी मेसेजिंगच्या सुरक्षेवर मराठी टिपण सुरू आहे. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ला ‘सुरक्षित जोडणी’ लिहिलं तर चालते काय?

कपाशी : नाही चालत, भाऊ. सुरक्षित जोडणी म्हणजे टीएलएस. तुमच्या मोबाईलपासून सर्व्हरपर्यंत एक कुलूप, तिथून समोरच्या मोबाईलपर्यंत दुसरं. मधात सर्व्हरवर मजकूर उघडाच. एक्सएमपीपी या खुल्या मेसेजिंग पद्धतीच्या मूळ मानकात (आरएफसी ६१२०, २०११; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांक दिलेली कागदपत्रं) एवढंच आहे. मधल्या सर्व्हरलाही उघडता येत नाही अशा टोकापर्यंतच्या कुलपासाठी ओमेमो नावाची जोडणी वेगळी लावा लागते. ‘टोक-ते-टोक’ लिहा. अन् टोक म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर कोणाचं खातं जोडलेलं राहिलं, तर तो कॉम्प्युटरही एक टोकच. कोण कोणाला कधी लिहिते, हे मात्र कुलपानं झाकत नाही.

पांदण : त्याहून मोठा घोळ मानकांतल्या क्रियापदांत होते. आरएफसी २११९ (१९९७) मध्ये ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांचे अर्थ बांधून दिले आहेत. ‘शुड’मध्ये सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तर सूट आहे, ‘मस्ट’मध्ये नाही. मराठी भाषांतरात दोन्हीला ‘करावे’ येते. मग एक प्रोग्रामर समोरच्याची ओळख पटवणाऱ्या किल्लीनं केलेली सही तपासते, दुसरा ऐच्छिक समजून सोडून देते. दोघांचे ॲप बोलतात, चाचणीत सगळं ठीक दिसते, पण दुसऱ्याकडं सर्व्हरनं खोटी किल्ली सरकवली तरी कळत नाही. ‘मस्ट’ला ‘केलेच पाहिजे’, ‘शुड’ला ‘करणे इष्ट’, ‘मे’ला ‘ऐच्छिक’. आपल्या वऱ्हाडीतलं ‘करा लागते’ सगळ्यात चोख, पण छापील टिपणात कोणी घेणार नाही.

सालई : संदेशाच्या किल्ल्या सतत बदलणाऱ्या पद्धतीला ‘डबल रॅचेट’ म्हणतात, ते कसं लिहू, ताई?

कपाशी : ‘रॅचेट’च ठेवा, काम समजावा. पहिला भाग सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेनं जाते: प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, वापरली की पुसली, आजच्या किल्लीवरून कालची काढता येत नाही. दुसऱ्या भागात उत्तर आलं की नवी डिफी-हेलमन देवाणघेवाण (गुपित न पाठवता दोघांनी सारखंच गुपित तयार करायची रीत) होते, म्हणून चोरीला गेलेली किल्ली पुढं फार वेळ कामाची राहत नाही. ‘दुहेरी’ त्यासाठी.

पांदण : दोघांच्या किल्ल्या खऱ्या आहेत का हे जुळवून पाहायच्या ‘सेफ्टी नंबर’ला ‘पडताळणी अंक’ म्हणा. सिग्नल ॲपमध्ये ते ६० असतात. समोरासमोर किंवा आवाज ओळखून फोनवर जुळवायचे. त्याच चॅटमध्ये पाठवून जुळवण्यात अर्थ नाही. समोरच्यानं हँडसेट बदलला किंवा ॲप नव्यानं टाकलं तरी अंक बदलू शकतात, म्हणून बदल दिसला की लगेच ‘हॅक’ लिहू नका. ‘पुन्हा जुळवा’ लिहा.

सालई : गटांतल्या चॅटच्या सुरक्षेसाठीच्या एमएलएस मानकात (आरएफसी ९४२०, २०२३) ‘एपॉक’ हा शब्द आहे. ‘युग’ चालेल?

कपाशी : युग कसलं! सदस्य आला, गेला, कोणी किल्ली ताजी केली की एपॉक बदलते. गजबजलेल्या गटात दिवसातून दहा होतील. ‘फेरी’ लिहा.