नववीच्या वर्गाला 'डिलीट'चा खरा अर्थ कसा शिकवावा?

सिडकोतल्या_बाई:
नववीसाठी 35 मिनिटांचे दोन तास मिळालेत. "नेटवर टाकलेलं कायम राहतं" हे वाक्य मुलं या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात. स्टोरी 24 तासांत जाते, अकाउंट प्रायव्हेट आहे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. प्रत्यक्ष करून काय दाखवता येईल?

गोदाकाठ:
बाई, त्याच उत्तरापासून सुरुवात करा. रामकुंडावर गणवेशात काढलेला एक काल्पनिक फोटो फळ्यावर रेखाटा आणि विचारा, याच्या प्रती आता कोणाकोणाकडे आहेत? स्टोरी इतरांना दिसेनाशी होते, पण टाकणाऱ्याच्या अर्काइव्हमध्ये राहू शकते. तिचा स्क्रीनशॉट कोणी घेतला तर इन्स्टाग्राम कळवत नाही. व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी डिलीट' साधारण दोन दिवसच चालतं आणि तोवर फॉरवर्ड झालेली प्रत तशीच उरते. 'एकदाच पाहा'ला स्क्रीनशॉट घेता येत नाही, पण शेजारच्या फोनने फोटो काढता येतोच. मग फोटोतून काय कळतं ते मुलांनाच शोधू द्या: शाळेचा बिल्ला, स्कूटरची नंबरप्लेट, सोसायटीची कमान.
कोणाचंही खरं अकाउंट पडद्यावर लावू नका. वर्ग त्या एकाच मुलावर हसतो आणि विषय तिथेच संपतो.

पंचवटी_टेक:
दुसरा तास साफसफाईला ठेवा, काम घरी पालकांसोबत. आधी फॉलोअर चाळायचे. पाचशे अनोळखी आत असतील तर प्रायव्हेट असून काय उपयोग? टॅग स्वतः मंजूर करण्याची सेटिंग लावायची. जुन्या कमेंट हमखास विसरल्या जातात, त्या 'ॲक्टिव्हिटी'मधून एकदम पुसता येतात. आणि ॲप काढणं म्हणजे अकाउंट काढणं नव्हे! इन्स्टाग्राम कायमचं काढायला टाकलं की 30 दिवस थांबतं. मध्ये लॉगिन करून ते रद्द केलं तर अकाउंट जसंच्या तसं.

सिडकोतल्या_बाई:
आणि एखाद्या मुलीचा खाजगी फोटो वर्गातच फिरू लागला तर?

कायदा_कट्टा:
तो फोटो पुरावा म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका. 18 वर्षांखालील व्यक्तीचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. पाठवणारा अल्पवयीन असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. लिंक, युजरनेम, तारीख, वेळ लिहून ठेवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर किंवा पोलीस ठाण्यात, मुलांच्या मदतीसाठी 1098. (1930 मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, लोक गल्लत करतात.)
नेटवरचा खाजगी फोटो हटवायला मदत करणारी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही मुलांना माहीत असू द्या. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो, त्यावरून त्या आपल्याकडची प्रत ओळखतात. व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्टेड चॅटमधली प्रत मात्र या सेवेच्या आवाक्याबाहेर आहे.
वर्गात "आयुष्याचं वाटोळं होईल" ही भाषा टाळा. घाबरलेलं मूल घरी सांगत नाही, आणि पहिले काही तास वाया जातात तेव्हाच प्रती वाढतात.